क्रूगरला स्वतः गाडी चालवत जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेची सफारी म्हटली की आपल्याकडे पहिलं नाव येतं ते केनियातल्या मसाई माराचं. टूरवाल्यांच्या जाहिरातीही त्याच्याच असतात. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाबद्दल मात्र लोक दबकत विचारतात, कारण तिथे स्वतः गाडी चालवायची असते हे त्यांनी ऐकलेलं असतं आणि त्यावर विश्वास बसत नाही. खालचे प्रश्न नातेवाइकांनी, ऑफिसातल्या मंडळींनी आणि ताडोबाच्या वाऱ्या करणाऱ्या मित्रांनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. उत्तरं भाड्याची गाडी घेऊन, उद्यानाच्या आतल्या कॅम्पांत राहणाऱ्या कुटुंबासाठी आहेत. लक्झरी लॉजचं गणित वेगळं असतं, त्यावर शेवटाकडे थोडं लिहिलंय.

मारा सोडून क्रूगर का?

विल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप नदी ओलांडताना बघायचे असतील तर क्रूगरला जाऊ नका. ते दृश्य माराचं, जुलै ते ऑक्टोबरचं. माराचं मोकळं गवताळ रान सिंह लांबून दाखवतं. क्रूगर बहुतांशी झुडपी आहे, जनावर शोधावं लागतं. ज्यांना शोधण्यातच गंमत वाटते त्यांनी इकडे यावं.

दुसरं कारण पैशाचं. मारात परदेशी प्रौढ पर्यटकाला जुलै ते डिसेंबर नुसतं प्रवेशशुल्क दिवसाला २०० डॉलर पडतं, जानेवारी ते जून १०० डॉलर. वर जीप, ड्रायव्हर आणि लॉज वेगळे. क्रूगरचं परदेशी प्रौढाचं दिवसाचं शुल्क पाचशे-सहाशे रँडच्या घरात असतं. रँड हे तिकडचं चलन, पाच रुपयांच्या आसपास धरा आणि हिशेब करा. आणि तिसरं, माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं कारण म्हणजे गाडी कुठे थांबवायची आणि किती वेळ थांबवायची हे तुमच्या हातात असतं. बिबट्या झाडावर झोपलाय आणि तुम्हाला दोन तास तिथेच बसायचंय? बसा. ‘चला सर, दुसऱ्या गाड्यांना जागा द्या’ म्हणणारं कुणी नाही.

गाइड नाही, जिप्सी नाही, खरंच चालतं?

खरंच चालतं, आणि आजकालचं नाही. उद्यान १९२६ साली जाहीर झालं आणि १९२७ पासून लोक आपापल्या मोटारी घेऊन आत जाताहेत. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ३६० किलोमीटर, क्षेत्रफळ २०,००० चौरस किलोमीटरच्या आसपास. कोअर-बफर धरून आपलं ताडोबा साधारण १,७०० चौरस किलोमीटर भरतं, त्यावरून अंदाज करा. मुख्य रस्ते डांबरी आहेत, फाट्यांचे रस्ते मातीचे पण सांभाळलेले. साधी सेडान पुरते. तरी परवडत असेल तर उंच गाडी घ्या, गवतापलीकडचं दिसतं.

नियम मोजके आहेत आणि ते गंभीरपणे पाळायचे. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४० ही कमाल मर्यादा. कॅम्प, पिकनिकच्या जागा आणि पाटी लावून परवानगी दिलेली ठिकाणं सोडून कुठेही गाडीबाहेर पाय ठेवायचा नाही. खिडकीतून किंवा छतातून अंग बाहेर काढायचं नाही. प्राण्यांना खायला घालणं गुन्हा आहे, माकडांनाही.

आपलं लायसन्स चालेल?

इंग्रजीतलं, फोटो आणि सही असलेलं चालू लायसन्स चालतं. तरीही आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर वाद नको. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे, त्यामुळे हात पटकन बसतो. जो चालवणार त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, कारण अनामत त्यावर अडकवतात. डेबिट कार्डावर बऱ्याच ठिकाणी नकार मिळतो. विम्यात टायर आणि काच येते का हे विचारून घ्या. मातीच्या रस्त्यावर तेच आधी जातं.

कधी जावं?

मे ते सप्टेंबर हा तिकडचा कोरडा हिवाळा. गवत बसतं, पानं झडतात, डबकी आटतात आणि जनावरं उरलेल्या पाण्यावर येतात. आपल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी यात नेमकी बसते: रान वाळायला सुरुवात झालेली असते आणि तिकडच्या शाळांच्या जून-जुलैच्या सुट्टीची गर्दी अजून यायची असते. पहाटे मात्र कडाक्याची थंडी असते. उद्यानाच्या उघड्या गाडीतल्या सफारीला स्वेटर, कानटोपी दोन्ही लागतं. आफ्रिका म्हणून सगळे टी-शर्ट भरून नेतात आणि मग कॅम्पच्या दुकानातून महागडी जॅकेटं घेतात.

दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर उकाडा भरपूर, पारा चाळिशीलाही टेकतो, आणि पावसाची सुरुवात. पण नोव्हेंबर-डिसेंबरात इम्पाला हरणांची पिल्लं जन्मतात, एकाच वेळी, शेकड्यांनी, आणि त्यांच्यामागे शिकारी येतात. स्थलांतर करून आलेले पक्षीही तेव्हाच. पक्षीवेड्यांनी उन्हाळाच निवडावा. जानेवारी-फेब्रुवारीत नद्यांना पूर येऊन पूल आणि मातीचे रस्ते बंद होतात, तेव्हा निघण्याआधी रस्त्यांची स्थिती पाहायची.

किती दिवस आणि कुठल्या कॅम्पात?

आतमध्ये पाच रात्री तरी काढा. दोन रात्रींसाठी मुंबईहून एवढा प्रवास करण्यात अर्थ नाही. आणि पाच रात्रींत पाच कॅम्प करू नका. हा मोह सगळ्यांना होतो, कारण नकाशावर अंतरं किरकोळ दिसतात. थांबत-बघत गेलं की तासाला वीस-पंचवीस किलोमीटरच होतात. लोअर साबी ते सटारा सुमारे ९० किलोमीटर. सकाळी निघालात तर दुपारी पोचता. रोज सामान बांधायचं असेल तर पहाटेची वेळ, म्हणजे दिवसातली सगळ्यात चांगली वेळ, डिकी भरण्यात जाते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी दक्षिण आणि मध्य भाग सुचवतो: लोअर साबी दोन किंवा तीन रात्री, सटारा दोन, जमलं तर शेवटी ओलिफंट्स एक. स्कुकुझा हे मुख्यालय, सगळ्या सोयी तिथे, पण गर्दीही तिथेच. तिथून लोअर साबीला जाणारा एच ४-१ हा साधारण ४५ किलोमीटरचा रस्ता साबी नदीच्या कडेने जातो. नदीकाठची मोठी झाडं बिबट्यासाठी प्रसिद्ध, आणि म्हणूनच गाड्यांसाठीही. सटाराभोवती गवताळ प्रदेश आहे, तिथला एस १०० हा रस्ता सिंहांसाठी नावाजलेला. ओलिफंट्स कड्यावर वसलंय. खाली नदी, आणि व्हरांड्यात बसून दुर्बिणीने दिवसभर हत्ती मोजत बसावं. मला विचाराल तर स्कुकुझाला रात्र काढण्यापेक्षा ती ओलिफंट्सला द्या.

लोअर साबीत राहणाऱ्यांनी संध्याकाळची शेवटची तीस-चाळीस मिनिटं सनसेट डॅमला ठेवावी. कॅम्पपासून अगदी जवळ, आणि पाणी थेट रस्त्याला लागून आहे. पाणघोडे काठापासून थोड्या अंतरावर डोळे आणि कान तेवढे वर काढून असतात. त्यांच्या पाठीवर पाण्यातली छोटी कासवं रांगेने चढून ऊन खात बसतात. पाणघोडा बुडी मारतो, कासवं टपाटप घसरतात, तो वर आला की पुन्हा चढायला लागतात. शेजारी मगर तोंड उघडं टाकून पडलेली असते आणि बगळे तिच्या बाजूने निवांत फिरत असतात. ज्यांना सिंह दिसला नाही त्यांचाही रुसवा इथे निघतो.

अगदी उत्तर टोकाला पफुरी आहे. तिथे लिंपोपो आणि लुवुव्हू नद्यांच्या संगमावर दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि मोझांबिक या तीन देशांच्या सीमा मिळतात. गोरखचिंचेची प्रचंड झाडं आणि थुलामेलाची जुनी दगडी तटबंदी तिथेच. सुंदर भाग आहे, पण दुसऱ्या खेपेसाठी.

बुकिंग कधी आणि कुठे?

दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय उद्यान संस्थेच्या, म्हणजे सॅनपार्क्सच्या संकेतस्थळावर. अकरा महिने आधी खुलं होतं. लोअर साबी, सटारा, ओलिफंट्सची नदीसमोरची घरं लवकर जातात. दिसलं नाही तर रोज डोकावत राहा, रद्द झालेली बुकिंगं परत येतात.

दिवस कसा जातो?

कॅम्पभोवती कुंपण असतं आणि फाटक वेळेवर उघडतं, वेळेवर बंद होतं. वेळा महिन्यागणिक बदलतात. मे ते जुलै सकाळी ६ ते संध्याकाळी ५:३०. नोव्हेंबर ते जानेवारी कॅम्पचं फाटक पहाटे ४:३० ला उघडतं आणि संध्याकाळी ६:३० ला बंद होतं. उशीर झाला तर दंड, आणि ‘हत्ती आडवा आला होता’ ही सबब त्यांनी आधी हजारदा ऐकलेली आहे.

आत राहण्याचा फायदा इथेच कळतो. उन्हाळ्यात उद्यानाचं बाहेरचं फाटक ५:३० ला उघडतं, म्हणजे कॅम्पातल्या लोकांना रस्ते तासभर मोकळे मिळतात. डांबर रात्रभर ऊब धरून ठेवतं, त्यामुळे पहाटे सिंह आणि तरस रस्त्यावरच पसरलेले सापडतात. फाटक उघडताना पहिल्या पाच गाड्यांत असा. थर्मासमध्ये चहा आणि डब्यात दशम्या घेऊन निघायचं, नऊ-साडेनऊला पिकनिकच्या जागी नाश्ता, अकरा-बाराला परत. दुपारी झोप. साडेतीनला पुन्हा बाहेर. भर उन्हात रस्ते तुडवून हाती फारसं लागत नाही, पाणवठ्यावर सावली बघून गाडी लावली तर लागतं.

बिग फाइव्ह दिसतीलच ना?

हत्ती आणि रानरेडे दिसतीलच. सिंह बहुतेक दिसेल. बिबट्या नशिबावर आणि गेंडा हल्ली त्याहून जास्त नशिबावर, कारण शिंगासाठी होणाऱ्या चोरट्या शिकारीने क्रूगरमधल्या गेंड्यांचं फार नुकसान केलंय. गेंडा दिसला तर त्याची जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. फोनमधलं लोकेशन बंद ठेवा.

तसं बिग फाइव्ह ही यादी शिकाऱ्यांची, पायी मारायला कठीण असलेल्या पाच जनावरांची. तिच्यात जिराफ नाही, चित्ता नाही, ठिपकेवाला तरस नाही, आफ्रिकेतला रंगीबेरंगी रानकुत्रा नाही. क्रूगरमध्ये रानकुत्र्यांची टोळी सापडली तर जुने जाणकार सिंह सोडून तिकडे गाडी वळवतात. वाघाच्या मागे धावणाऱ्या आपल्या सवयीने इथे गेलात तर निम्मं जंगल न बघताच परत याल. इम्पालाच्या कानात चोच खुपसून गोचिड्या काढणारा ऑक्सपेकर पक्षी जरा थांबून बघा. इम्पाला मान वाकडी करून कान पुढे करतो.

एक सोपी युक्ती: समोरून येणाऱ्या गाडीला हात करा, काच खाली करून विचारा. लोक सांगतात. कॅम्पच्या स्वागतकक्षापाशी नकाशावर पिना टोचून आजचं-कालचं दर्शन दाखवलेलं असतं, तेही बघा. जनावर हललेलं असतं, पण परिसर कळतो.

हत्ती अंगावर आला तर?

यायची वेळ आणू नका. पन्नास मीटर अंतर ठेवा. कळप रस्ता ओलांडत असेल तर सगळे, अगदी शेवटचं पिल्लूसुद्धा, पार होईपर्यंत थांबा. माय-लेकरांच्या मध्ये गाडी घालणं हा सगळ्यात मोठा मूर्खपणा. एकटा नर रस्त्यावरून तुमच्याकडे चालत येत असेल तर तो बाजूला होईल ही आशा धरू नका. त्याच्या गंडस्थळातून मद ओघळत असेल आणि मागचे पाय लघवीने ओले असतील तर तो माजावर आहे. शांतपणे गाडी मागे घ्या, लागलं तर अर्धा किलोमीटर मागे घ्या. हॉर्न नाही, इंजिन रेझ करणं नाही. म्हणून गाडी थांबवतानाच मागे जायची वाट मोकळी ठेवायची. मागे दुसरी गाडी चिकटून उभी राहिली असेल तर तुम्ही आधी निघा.

खाण्याचं काय? आम्ही शाकाहारी आहोत.

उपाशी राहणार नाही, पण हॉटेलवर अवलंबूनही राहू नका. कॅम्पमधल्या रेस्टॉरंटात शाकाहारी म्हणजे टोस्ट, चिप्स, सॅलड, एखादा पास्ता. त्यापेक्षा स्वयंपाकघर असलेलं घर बुक करा. बहुतेक बंगल्यांत शेगडी, फ्रिज, भांडी असतात. प्रेशर कुकर नसतो, तो घरून न्या. तांदूळ, दूध, अंडी, पाव, कांदे-बटाटे कॅम्पच्या दुकानात मिळतात. मुगाची डाळ, मसाले हवे असतील तर जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग भागात भारतीय दुकानं आहेत. विमानातून ताजी फळं, भाज्या, बियाणं, दुधाचे पदार्थ, मध नेऊ नका, कस्टम्समध्ये काढून घेतात. भाजलेलं, बंद पाकिटातलं न्यावं: मेतकूट, चटण्या, खाखरे, पोह्यांचा चिवडा.

व्हरांड्यात ताट ठेवून मीठ आणायला आत गेलात की व्हर्वेट माकडं ताट साफ करतात. फ्रिजला कडी असते, ती लावायची. संध्याकाळी शेजारच्या प्रत्येक घरासमोर कोळसे पेटतात आणि मांस भाजलं जातं. वासाचा त्रास होत असेल तर कडेचं घर मागून घ्या.

लहान मुलं, आजी-आजोबा?

दोघांनाही जमतं, कारण चालायचं काहीच नाही. खरा प्रश्न लघवीचा. रस्त्यात उतरता येत नाही, आणि दोन स्वच्छतागृहांमध्ये दोन-अडीच तास सहज जातात. नकाशावर अफसाल, न्कुहलू, त्शोक्वाने अशा पिकनिकच्या जागा आधीच खुणा करून ठेवा आणि फेरी त्यांच्या भोवती आखा.

उद्यानाच्या मोठ्या गाडीतल्या सफारीला सहा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, बंदूकधारी रेंजरबरोबरच्या पायी फेरीला बारा वर्षांखालच्यांना. रात्रीची सफारी मात्र घ्याच: फाटक बंद झाल्यावर तुम्हाला स्वतः बाहेर पडता येत नाही, आणि ससे, मांजरासारखा ठिपकेवाला जेनेट, घुबडं, शिकारीला निघालेले सिंह तेव्हाच दिसतात.

मलेरिया आणि पिवळा ताप?

क्रूगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं. सप्टेंबर ते मे धोका जास्त, जून ते ऑगस्ट कमी. डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्यांचं ठरवा. क्लोरोक्विन ही गोळी तिथल्या मलेरियावर उपयोगी नाही. गोळ्या परत आल्यावरही पुढे घ्याव्या लागतात, ते लोक विसरतात. परतल्यावर ताप आला तर आफ्रिकेहून आलोय हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. अगदी लहान बाळ किंवा गरोदर बाई बरोबर असेल तर क्रूगरऐवजी पिलानेसबर्ग किंवा अॅडो ही तिथलीच मलेरियामुक्त उद्यानं बघा.

पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या यादीत दक्षिण आफ्रिका नाही. पण केनिया आणि इथिओपिया आहेत. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाताना बारा तासांपेक्षा जास्त थांबलात किंवा विमानतळाबाहेर पडलात तर दक्षिण आफ्रिका लसीचं प्रमाणपत्र मागते. परतीच्या वाटेवर भारतातही ते मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. दुबई किंवा दोहामार्गे गेलात तर हा प्रश्नच येत नाही.

व्हिसा?

भारतीय पासपोर्टला लागतो. पद्धत बदलत असते, म्हणून तिकिटाआधी ताजे नियम पाहा. पासपोर्टात दोन कोरी पानं हवीत. मुलांचा आई-वडिलांची नावं असलेला जन्मदाखला आणि, एकच पालक बरोबर असेल तर, दुसऱ्याचं संमतिपत्र जवळ ठेवा.

जोहान्सबर्ग धोकादायक आहे म्हणतात.

काळजी घ्यायलाच हवी, घाबरून बेत मोडायला नको. अंधारात हायवेला लागू नका. विमान दुपारनंतर उतरत असेल तर विमानतळाजवळ मुक्काम करा आणि सकाळी निघा. सीटवर बॅग, फोन दिसेल असं काही ठेवू नका. सिग्नलला काच फोडून नेतात. दक्षिणेकडच्या मलेलाने फाटकापर्यंत एन ४ या हायवेने साडेचार-पाच तास लागतात, रस्ता उत्तम, वाटेत टोल. मोबाइलचा नकाशा कधी कधी नुम्बी फाटकाने नेतो. त्या फाटकाबाहेरच्या रस्त्यावर २०२२ मध्ये जर्मन पर्यटकांवर प्राणघातक हल्ला झाला होता. नवख्यांनी मलेलाने किंवा क्रोकोडाइल ब्रिजनेच आत शिरावं.

खर्च कसा कमी होईल?

चौघांनी एक गाडी आणि एक घर वाटून घ्या, स्वयंपाक करा. आठवडाभर राहणार असाल तर वाइल्ड कार्ड नावाचा वार्षिक पास रोजच्या शुल्काशी ताडून पाहा, कुटुंबाला तो लवकर वसूल होतो. साबी सँड, टिंबावाटी या शेजारच्या खासगी अभयारण्यांत बिबट्या जवळून दिसतो, कारण तिथले रेंजर गाडी रस्ता सोडून झुडपात घालतात, पण एका रात्रीला माणशी शेकडो डॉलर मोजावे लागतात. तेवढ्या पैशांत क्रूगरमध्ये कुटुंबाचा आठवडा निघू शकतो. मी क्रूगरच घेईन.

सोबत काय न्यावं?

माणशी एक दुर्बीण, ८ बाय ४२ ची. एकच दुर्बीण चौघांत फिरवली की भांडणं होतात. कॅमेऱ्याला ३०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स, आणि खिडकीवर टेकवायला एक रिकामी कापडी पिशवी, तांदूळ तिकडे भरायचे. तिकडचं जुनं, सर्रास आढळणारं सॉकेट म्हणजे आपलं गिझर-एसीचं पंधरा अँपिअरचं मोठं तीन पिनांचं. त्या पिनेचा एक्स्टेंशन बोर्ड घरून नेला की सगळे चार्जर त्यावर चालतात.

ड्रोन?

नाही. बंदी आहे.

परतीचं विमान कसं बुक करावं?

कॅम्प सकाळी दहापर्यंत सोडावा लागतो, आणि शेवटच्या सकाळी कुणालाच थेट फाटकाकडे जायचं नसतं. वाटेत काहीतरी दिसतंच. फाटकापासून विमानतळ पाच तास, गाडी परत करायला तासभर, आंतरराष्ट्रीय उड्डाणाला तीन तास आधी. रात्री नऊच्या आधीचं विमान घेऊ नका. दुसऱ्या दिवशीचं मिळालं तर आणखी बरं. आणि उरलेलं कच्चं मांस असेल तर ते आतच संपवा. लाळ्या-खुरकुताच्या रोगामुळे बाहेर पडताना डिकी तपासतात आणि काढून घेतात.